बिनआवाजाचा नळ

"या नळाचं काय ते एकदा बघा, नाहीतर मी आपली कायमची पुण्याला निघाले," पद्मजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि वेणीमाधव मोडनिंबकरांच्या हातातला चुरमुऱ्याच्या सुशील्याचा घास हातातच राहिला. पुण्याची भाषा त्या घरात नवी नव्हती. पण 'कायमची' हा शब्द आज पहिल्यांदाच आला होता.

पद्मजाबाई नुकत्याच पुण्याला मुलाकडं राहून आल्या होत्या. हृषीकेशचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. तिथं सूनबाईच्या, वैदेहीच्या, ओट्यावर एक नळ होता. करंगळीनं दांडी वर केली की पाणी, खाली केली की बंद. तेव्हापासून सोलापुरातल्या घरात ज्या ज्या वस्तूला हात लागे, तिची पुण्याशी तुलना होई आणि बिचारी वस्तू नापास होई. त्यात सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या स्वयंपाकघरातल्या पितळी नळानं.

आता खरं बोलायचं तर नळ होताही तसाच. त्याला उघडायचं म्हणजे आधी थोडं उलटं फिरवायचं, मग पुढं, मग जरासं वर उचलायचं. बंद केला तरी तो टिपटिप गळायचा, म्हणून त्याच्या तोंडाला धोतराच्या काठाची चिंधी बांधलेली. गेल्या काही महिन्यांत दांडी हातात निघून यायला लागली होती. पाहुण्यांना पाणी देताना पद्मजाबाई आधी दांडी शोधायच्या, मग पेला.

"अगं, गळतोय तर वायसर बदलू की," वेणीमाधव म्हणाले.

"वायसर बदलून बदलून आता वायसरच उरलाय, नळ कुठाय त्यात? हृषी रोज म्हणायलाय, आई, खोली रिकामी आहे, या दोघं. मी म्हटलं, बाबांना विचारते. आता विचारणार नाही. सांगणार."

वेणीमाधवांनी सुशील्याची बशी खाली ठेवली. ते हायस्कुलात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यापासून भवानी पेठेतली ती गल्ली हेच त्यांचं ऑफिस झालं होतं. सकाळी पेपर घेऊन दारातल्या ओट्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, कुणाचा अर्ज लिहून द्यायचा, कुणाच्या लग्नपत्रिकेतल्या चुका काढायच्या. पुण्यात त्यांनी एकदा हा प्रयोग करून बघितला होता. चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत पेपर घेऊन बसले. हाक कुणाला मारणार? कबुतराला? शेवटी एकदा लिफ्टमध्ये एका गृहस्थाला "काय, जेवण झालं का?" म्हणाले, तर तो गृहस्थ पुढच्याच मजल्यावर उतरला. वेणीमाधवांना सोलापूर सोडायचं नव्हतं, आणि पद्मजाबाईंना सोडून सोलापुरात राहायचंही नव्हतं.

"नळ चांगला आणला तर पुण्याचं नाव काढणार नाहीस?" त्यांनी विचारलं.

"वैदेहीकडं आहे तसा आणा. मग बघू."

'मग बघू' म्हणजे निम्मा होकार, हे इतक्या वर्षांच्या संसारात कुठल्याही नवऱ्याला कळतं. वेणीमाधव उठले, पिशवी घेतली आणि तडक बाजारात गेले.

एक टाचणी घ्यायची झाली तरी तीन दुकानांत भाव विचारणारा हा माणूस. पण या वेळी ते तिसऱ्या दुकानात जे अडकले ते अडकलेच. दुकानाचा मालक मल्हार हा त्यांच्याच हायस्कुलातला विद्यार्थी निघाला. भिंतभर नळ मांडलेले. लांब मानेचे, बुटके, सोनेरी, काळे. सगळे चकचकीत आणि सगळे कोरडे.

वेणीमाधवांची नळ पारखायची पद्धत ठरलेली होती. आधी तळहातावर घेऊन वजन बघायचं, मग नखानं टिचकी मारून कानाशी धरायचा. जड आणि खणखणीत असेल तर आत पितळ, हलका आणि बद्द वाजला तर वर मुलामा आणि आत पोकळ वासा. अशा टिचक्या मारत मारत ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"सर, हा घ्या," मल्हार म्हणाला. त्याच्या शाळेत क्लार्कलाही सर म्हणायचे. "आत अस्सल पितळ. आपल्या सोलापूरच्या पाण्याला क्षार लई, पण ह्याला चिकटायचं नाही. वायसरची भानगडच नाही, चकती आहे आत. मान दोन्हीकडं फिरती. आणि मेन म्हणजे तोंडाला ही बारीक जाळी. पाणी फेसासारखं पडतं, मऊ. शिंतोडे नाहीत, आवाज नाही."

"आवाज अजिबात नाही?"

"अजिबात! शेजारी झोपा तुम्ही, कळायचं नाही पाणी पडतंय का नाही. हीच तर खरी क्वालिटी, सर."

वेणीमाधव भलतेच खूष झाले. वैदेहीच्या नळाचाही आवाज येत नव्हता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला आणि नळ मोबाइलसमोर धरून गोल फिरवला, मुलगी दाखवताना फिरवावी तसा.

"अगं बाई, हाच!" पद्मजाबाई पलीकडून ओरडल्या. "हाच की! तोंड सुद्धा तसंच आहे. घ्या, घ्या, आता भाव करत बसू नका."

वेणीमाधवांनी भाव केला नाही. मल्हारलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

नळ बसवायला ईश्वरप्पा आला. ईश्वरप्पा गल्लीतल्या सगळ्या नळांचा डॉक्टर. मूळचा अक्कलकोटकडचा, त्यामुळं त्याच्या मराठीला मधूनमधून कानडी फोडणी. त्यानं जुन्या नळाला पकड लावली, पाय भिंतीला लावला आणि जोर केला. कट्ट! अर्धा नळ त्याच्या हातात आणि अर्धा भिंतीत.

"गेला री काका," ईश्वरप्पा म्हणाला. "म्हातारा हुता. दुखणं न घेता गेला बघा."

पद्मजाबाईंनी तो अर्धा नळ हातात घेतला आणि इतके दिवस त्याला शिव्या घालणाऱ्या त्या बाईचे डोळे भरून आले. "अहो, हा नळ आला तेव्हा आपण गल्लीत पेढे वाटले होते," त्या म्हणाल्या.

वाटले होते खरे. त्याआधी गल्लीत कोपऱ्यावर एकच सार्वजनिक नळ होता. गिरणीचा भोंगा झाला की बायका घागरी घेऊन निघायच्या. पद्मजाबाई तेव्हा नव्या नवरी, माहेर अक्कलकोटचं, सोलापुरात ओळखीचं कुणी नाही. पहिल्या दिवशी रांगेत दोनदा मागं ढकलली गेल्यावर त्या रिकामी घागर काखेत घेऊन रडत उभ्या होत्या. तेव्हा पुढून एक तितकीच नवी नवरी, विणकरांच्या घरातली काशम्मा, सगळ्यांना कोपरानं सारत मागं आली आणि म्हणाली, "अय्यो, रडतीस काय? शिव्या दे! शिव्या दिल्याशिवाय हितं पाणी येत न्हाय." त्या दिवशी पद्मजाबाईंनी आयुष्यातली पहिली शिवी दिली, कानडीत, आणि घागर भरली. पुढं घरात नळ आला, त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. तरी आठवडाभर ही बाई रिकामी घागर घेऊन कोपऱ्यावर जातच होती. "घरात नळ आहे की," म्हटलं तर म्हणायची, "हो, पण घरात बायका कुठायत?"

वेणीमाधवांनाही ते सगळं आठवलं आणि त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

"काका, बसला बघा फस्क्लास," ईश्वरप्पानं हाक दिली.

नवा नळ खरोखर देखणा दिसत होता. त्याच्यामुळं ओटा जुना दिसायला लागला, ही गोष्ट वेगळी.

"चालू करून दाखव," वेणीमाधव म्हणाले.

"आज कुठलं पाणी री? आज पाण्याचा दिवस हाय व्हय?"

इथं परगावच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड पाण्याचा दिवस असतो, आणि त्या दिवशी वेळ चुकूनमाकूनच पाळली जाते. त्यामुळं पाण्याकडं कान ठेवावा लागतो. मोडनिंबकरांचं घर गल्लीच्या तोंडाशी, लाइनवरचं पहिलं. पाणी आलं की आधी त्यांच्याकडं, मग पुढं चढावर. म्हणून पद्मजाबाई आपला नळ उघडा ठेवायच्या आणि खाली एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट पालथं घालायच्या. पाणी यायच्या आधी नळातून हवा यायची, 'ख्यॅक... फुर्रर्र' असा आवाज व्हायचा आणि मग ताटावर तडतड ताशा वाजायचा. तो ऐकला की पद्मजाबाई पूर्वी दारात येऊन ओरडायच्या, आता मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपात टाकायच्या, 'पाणी आलं.' बाकीच्या घरांचे नळ तोवर बंद. उगाच सगळ्यांनी जागत कशाला बसा? पद्मजाबाई आहेत की. त्यांचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ नव्हे, दगडावरची.

"वर केलं की चालू, खाली केलं की बंद," ईश्वरप्पानं समजावलं. मग जरा विचारात पडला. "का उलटं? न्हाय न्हाय, वरच चालू. आल्यावर कळंल की."

संध्याकाळी अख्खी गल्ली नळ बघून गेली. प्रत्येकानं दांडी वर-खाली केली, मान डावीकडं-उजवीकडं फिरवली. जोतिराम नावाचा शेजारी, बँकेत शिपाई, त्यानं तर नळासोबत सेल्फी काढला. काशम्मा सगळ्यात शेवटी आली. दोन दिवसांनी तिच्या नातीचं बारसं होतं.

"पद्माक्का, नळ लई झ्याक हाय गं," ती नळाची मान फिरवत म्हणाली. "उद्या पाणी आलं की मला आधी सांग. पाहुणे सोलापूरभरचे येणार."

"तुला सांगितल्याशिवाय मी पाणी पिणार नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. रात्री त्यांनी दांडी वर केली, खाली ताट पालथं घातलं आणि समाधानानं दिवा मालवला. नळाची मान काशम्मानं फिरवली होती तशी, ताटाला सोडून ओट्याकडं वळलेली, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं नाही. दहा वाजले, बारा वाजले. पद्मजाबाई कान देऊन बसल्या होत्या. जेवणं झाली. दुपारी वेणीमाधव पुढच्या खोलीत कॉटवर लवंडले आणि पद्मजाबाई तिथंच खुर्चीत. म्हणाल्या, "मी जागीच आहे, आवाज आला की उठते." आणि दोन मिनिटांत घोरायला लागल्या.

वेणीमाधवांना जाग आली ती चष्मा शोधताना. हात कॉटखाली सोडला तो गार लागला. बघतात तर त्यांची एक चप्पल कॉटखालून निघून संथपणे दाराकडं चाललेली, आणि दुसरी तिच्या मागोमाग.

"अगं ऊठ! पाणी आलं!"

"कुठं?" पद्मजाबाई दचकून म्हणाल्या.

"घरात!"

दोघं स्वयंपाकघरात धावले. नळ मान वाकडी करून ओट्यावर पाणी सोडत होता. ओट्यावरून ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, डब्यातून खाली, खालून हॉलात. आणि आवाज? शपथेला सुद्धा नाही. मल्हार एका अक्षरानं खोटं बोलला नव्हता. पांढऱ्याशुभ्र कापसासारखी धार पडत होती आणि शेजारी ते जर्मनचं ताट कोरडं ठणठणीत पालथं पडलं होतं.

"किती छान पडतंय हो," पद्मजाबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्या भानावर आल्या. "अहो बघत काय बसलाय? हंडा आणा! मी ग्रुपवर टाकते!"

त्यांनी ओल्या बोटांनी 'पाणी आलं' टाइप केलं आणि पाठवलं. वेणीमाधवांनी हंडा धरला. धारेची सुतळी झाली, सुतळीचा दोरा झाला, आणि दोराही तुटला. पाणी गेलं. कधी आलं होतं देव जाणे, पण जायच्या वेळेला मात्र बरोबर गेलं.

आणि इथं गल्लीत काय झालं ते ऐका. पद्मजाबाईंचा निरोप म्हणजे निरोप. ताजं पाणी आलं म्हटल्यावर शिळं पाणी कोण ठेवतो? घराघरांत बायकांनी उरलंसुरलं पाणी ओतून टाकलं, पिंपं आडवी केली, चिंच लावून हंडे घासायला घेतले. काशम्मानं बारशासाठी दोन मोठी पिंपं रिकामी करून उन्हात पालथी घातली. मग सगळ्यांनी नळ उघडले आणि नळाखाली स्वच्छ, लखलखीत, रिकामे हंडे मांडून सगळे वाट बघत बसले.

अर्ध्या तासानं मोडनिंबकरांच्या दारात गर्दी झाली. सगळ्यात पुढं जोतिराम. त्यानं बारशासाठी म्हणून केसांना आणि मिशांना कलप लावला होता आणि निरोप वाचून बादलीतलं शेवटचं पाणी झाडाला घालून टाकलं होतं. आता कपाळावरून काळे ओघळ नाकापर्यंत आले होते.

"काकू, पाणी कुठाय?" तो रडवेला झाला. "डब्यावर लिवलंय, वीस मिनिटात धुवा. आता पाऊण तास झाला. आग व्हायलीय हो!"

"आलं होतं रे, पण..."

"आलं होतं तर कळवायचं न्हाय?" मागून एक बाई म्हणाली. "आमी तुमच्या भरवशावर बसलो की!"

"नव्या नळाच्या नादात घोटाळा झाला बघा," दुसरी म्हणाली. "पुण्याचं सोंग सोलापुरात आणायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार!"

काशम्मा फक्त दारातून दिसणाऱ्या ओल्या फरशीकडं बघत होती. तेच पद्मजाबाईंना जास्त लागलं. जोतिरामाला पिण्याच्या माठातलं पाणी मिळालं आणि त्याची एक मिशी वाचली. दुसरीचं पुढं कित्येक दिवस काळं-जांभळं असं काहीतरी होत राहिलं.

लोक गेल्यावर पद्मजाबाईंनी कपाटावरची बॅग काढली.

"काय करायलीस?" वेणीमाधव घाबरले.

"पुण्याला चालले. इतकी वर्षं माझ्या एका शब्दावर लोकांनी हंडे मांडले. आज माझ्या शब्दावर लोकांनी पाणी ओतून दिलं. काशम्माच्या घरी उद्या बारसं आहे. कुठल्या तोंडानं जाऊ मी? मला आता या गल्लीत राहायचंच नाही."

 करायला गेले गणपती आणि झाला मारुती! जी बाई जाऊ नये म्हणून नळ आणला, तीच बाई त्या नळापायी निघाली. वेणीमाधवांना वाटलं, आपण त्या दुकानात टिचकी मारण्यापेक्षा आपल्या डोक्यात टिचकी मारून बघायला हवी होती. चांगलं काय आणि आपल्याला चालणारं काय, यातला फरक या वयातही कळू नये? त्यांना रडायला आलं, आणि बॅगेची चेन अडकली होती ती काढायचं निमित्त करून ते खाली वाकले.

मग त्यांनी एक काम केलं. शर्ट चढवला, जोतिरामाला मिशीसकट बरोबर घेतलं आणि गावभर फिरून सकाळपर्यंत टँकर गल्लीत आणून उभा केला. काशम्माची पिंपं आधी भरली, मग बाकीच्यांची. बारसं थाटात झालं. पद्मजाबाई मात्र गेल्या नाहीत. आतल्या खोलीत बॅगेशेजारी बसून राहिल्या. हृषीकेशनं तिकीट काढून मोबाइलवर पाठवलंही होतं.

दुपारी पाहुणे पांगल्यावर काशम्मा स्वतः आली, हातात बारशाचे लाडू आणि घुगऱ्या. बॅग बघून ती दारातच थबकली.

"कुटं चाललीस गं?"

"पुण्याला. मुलाकडं."

"आणि आमाला पाण्याचं कोण सांगणार?"

"मी कसली सांगते आता? नळ मुका आहे. माझे कान असून उपयोग काय?"

"अय्यो!" काशम्मानं लाडवाचं ताट बॅगेशेजारी आपटलं. "नळ मुका हाय तर काय झालं? आमाला डोळे न्हाईत व्हय? पाण्याच्या दिवशी आमी बायका बसू की हितं, नळासमोर. आळीपाळीनं. बारशाला तोंड दाखवाया आली न्हाईस? कोपऱ्यावरच्या नळावर मी तुला काय काय शिव्या घातल्यात, तरी दुसऱ्या दिवशी तोंड घेऊन येत हुतीस का न्हाय? आता म्हातारपणी लाजायलीस!"

पद्मजाबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम करायला लागल्या. वेणीमाधवांनी बॅग हळूच कॉटखाली सारली. त्या दिवशी पुण्याचं तिकीट रद्द झालं.

पुढचा पाण्याचा दिवस उजाडला. सकाळी सातलाच काशम्मा आली. तिच्या मागून जोतिरामाची बायको भाजी निवडायला घेऊन आली. मग वरच्या अंगाच्या चार-पाच जणी. स्वयंपाकघरात सतरंजी अंथरली गेली. सगळ्या जणी नळाकडं तोंड करून बसल्या, कीर्तनाला बसावं तशा. पाणी अकराला आलं. "आलं, आलं!" असा एकच गलका झाला. त्या आवाजापुढं जुन्या नळाचा ताशा काहीच नव्हता. हंडे भरले, पिंपं भरली, पण बायका उठल्या नाहीत. कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुणाची शेंगाचटणी. कोपऱ्यावरच्या नळावरची जुनी भांडणं निघाली आणि कुणाची घागर आधी होती यावरून ती नव्यानं झालीसुद्धा. पद्मजाबाईंनी आपली ती पहिली कानडी शिवी म्हणून दाखवली. स्वयंपाकघरात असं हसू उसळलं की वेणीमाधवांनी पुढच्या खोलीतून डोकावून बघितलं. आपली बायको तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. किती वर्षांनी! त्यांना फार बरं वाटलं.

"अहो, बघत काय बसलाय? चहा टाका," पद्मजाबाई म्हणाल्या. "आठ कप. काशम्माचा बिनसाखरेचा."

तिसऱ्या पाण्याच्या दिवसापर्यंत वेणीमाधवांचं बरं वाटणं जरा कमी झालं. सतरंजी आता उचललीच जात नव्हती. पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून बायका आदल्या संध्याकाळपासूनच येऊन 'अंदाज घ्यायला' लागल्या. मग एकीनं काढलं की इतक्या जणी बसतोच आहोत तर भिशी सुरू करू. दुसरीनं काढलं की भजनही होईल. दुपारची झोप गेली. पेपरवर शेंगांची टरफलं पडायला लागली. दारातल्या ओट्यावर जाऊन गल्लीतल्या कुणाला हाक मारावी, तर गल्ली सगळी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसलेली.

शेवटी ते मल्हारच्या दुकानात गेले. "बाबा रे, या नळाला आवाज येईल असं काही करता येतं का?"

मल्हार त्यांच्याकडं बघतच राहिला. "सर, लोक आवाज जावा म्हणून येतात. तुम्हाला आवाज पाहिजे? मग ती तोंडाची जाळी काढा. हातानं फिरवून निघते. धो धो वाजेल."

वेणीमाधव जवळजवळ पळतच घरी आले. सतरंजीवरच्या बायकांमधून वाट काढत ते नळापाशी पोचले आणि विजयी आवाजात म्हणाले, "मिटली कटकट! ही जाळी काढली की नळ पहिल्यासारखा वाजणार. आता कुणाला इथं बसायची गरज नाही!"

 काशम्मानं पद्मजाबाईंकडं बघितलं. जोतिरामाच्या बायकोनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. पद्मजाबाई सावकाश उठल्या, नळ आणि नवरा यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण एका मिनिटाचं काम..."

"चांगला क्वालिटीचा नळ आहे. कंपनीनं जाळी दिली ती काय वेडी म्हणून? वॉरंटी जाईल. तुम्ही आपले पुढं बसा."

"खरं हाय भावजी," काशम्मा म्हणाली. "महागाची वस्तू, उगं खोलू नये."

वेणीमाधव पुढच्या खोलीत आले. कॉटवर कुणाकुणाच्या पर्सचं आणि भाजीच्या पिशव्यांचं प्रदर्शन मांडलेलं होतं. ते दाराच्या पायरीवर जाऊन बसले, मोबाइल काढला, आणि आवाज होईल तितका खाली आणून म्हणाले, "हृषी, बाळा, ती तुझ्याकडची खोली अजून रिकामी आहे ना रे?"

"आहे की बाबा!" हृषीकेश पलीकडून आनंदानं ओरडला. "येताय? कधी येताय? आईला द्या फोन, मी तिच्याशी बोलतो."

वेणीमाधवांनी मोबाइल आत नेऊन पद्मजाबाईंच्या हातात दिला. त्यांची नजर नळावरून हलली नव्हती.

"बोल रे हृषी. होय, येतायत बाबा, येऊ देत की. मी? मी कशी येणार रे? वेडा का तू? उद्या पाण्याचा दिवस आहे," पद्मजाबाई म्हणाल्या आणि मोबाइलवर हात ठेवून नवऱ्याकडं वळल्या. "अहो, खुशाल जा तुम्ही. जायच्या आधी तेवढी साखर आणि चहापत्ती आणून ठेवा."